गोलंदाज बाळू चालला, कर्णधार बाळू का चालला नाही?

खेळाचा निकाल मैदानावर लागतो, असे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. जो चांगला खेळेल तो पुढे जाईल, तिथे जातपात नाही, असेही सांगितले जाते. पण कोणाला मैदानावर उतरवायचे, कोणाच्या हाती बॅट द्यायची, कोणाला दिवसभर चेंडू टाकायला लावायचे आणि कोणाला कर्णधार करायचे, हे निर्णय मैदानाबाहेर होतात. आणि खेळाडूविषयी चारचौघांत काय बोलायचे, किती बोलायचे, केव्हा गप्प बसायचे, हेही मैदानाबाहेरची माणसेच ठरवतात. या देशाच्या क्रीडा इतिहासात याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे बाळू बाबाजी पालवणकर. चळवळीतील जुन्या लोकांना हे नाव ठाऊक आहे. नव्या पिढीतील किती जणांना ठाऊक आहे, याची आम्हाला शंका आहे.

नवापूर, बोईसर, तारापूर, पालघर या आपल्या पट्ट्याला तर हे नाव माहीत असायलाच हवे. आपल्या बोईसर स्टेशनातून जाणारी पश्चिम रेल्वे ही एकेकाळची बॉम्बे बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडची बी. बी. सी. आय. याच कंपनीत बाळू पालवणकर नोकरीला होते आणि तिच्या संघातून खेळत होते. याच मार्गावरून पुढे शंभर वर्षांनी पालघरचा शार्दूल ठाकूर लोकलने मुंबईला क्रिकेट खेळायला जात होता. तो भारताचा गोलंदाज झाला. म्हणजे या रुळांना गोलंदाज नवे नाहीत. पण पहिल्याची गोष्ट आपल्याला कोणी सांगितली नाही.

बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. घराणे कोकणातले, पालवण गावावरून आडनाव पडलेले. जात चांभार. वडील लष्करी नोकरीत. गोऱ्या अधिकाऱ्यांनी वापरून टाकून दिलेले चेंडू आणि फळ्या हेच या घरातील मुलांचे पहिले क्रिकेट साहित्य. महार, चांभार, मांग समाजातील माणसाला इंग्रजांच्या छावणीने जे थोडेफार दिले, त्यात हाही एक भाग होता. गावकुसाबाहेर जे मिळणे शक्य नव्हते, ते छावणीच्या मैदानावर निदान पाहायला तरी मिळाले.

पुण्यात पारशी मंडळींच्या क्लबात बाळू कामाला लागले. पगार महिना तीन रुपये. काम काय, तर मैदान झाडायचे, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा आणि सभासदांना सरावासाठी अधूनमधून चेंडू टाकायचे. पुढे १८९२ च्या सुमारास गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले. तिथे चार रुपये. खेळपट्टी तयार करणे, जाळी लावणे, टेनिसच्या रेघा मारणे आणि साहेबांना गोलंदाजी करणे. इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. साहेब बॅट घेऊन उभा राहायचा आणि बाळू तासन्‌तास चेंडू टाकायचे. त्या क्लबात बाळूंच्या हाती बॅट कधीच दिली गेली नाही. फलंदाजी ही साहेबाची आणि राजे-महाराजांची, घाम गाळणारी गोलंदाजी नोकराची. आपल्याकडे जशी कामांची उतरंड आहे तशीच ती क्रिकेटमध्येही होती. धावा काढणाऱ्याचे नाव व्हायचे आणि धावा रोखणारा राबायचा.

पण या राबण्यातूनच बाळूंनी विद्या मिळवली. डाव्या हाताची संथ फिरकी, दोन्ही बाजूंना वळणारा चेंडू, वेगात आणि उंचीत सतत बदल, आणि टप्प्यावर हुकमत. ही काही देवाची देणगी नव्हती. रोज शेकडो चेंडू, वर्षानुवर्षे, आणि तेही त्या काळातील उत्तम इंग्रज फलंदाजांना. कॅप्टन जे. जी. ग्रेग हा त्यांतला नामांकित. तो इतरांच्या आधी मैदानावर यायचा आणि बाळूंकडून गोलंदाजी करवून घ्यायचा. बाळूंनी त्याला बाद केले की तो दर वेळी आठ आणे द्यायचा, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, बाळूंच्या फिरकीवर ग्रेगची फलंदाजी घडली, असे त्या काळचे लोक मानत होते.

आता प्रश्न आला पुण्याच्या हिंदू संघाचा. गोऱ्यांविरुद्ध जिंकायचे तर असा गोलंदाज हवा. पण हा गोलंदाज अस्पृश्य! इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी बाळूंचे आयुष्य जगापुढे आणले. त्यांनी नोंदवल्याप्रमाणे संघात तट पडले. काही तेलुगू भाषक सभासद बाळूंना घ्यावे म्हणत होते, तर मराठी ब्राह्मण मंडळी विरोधात होती. तेव्हा ग्रेगने वर्तमानपत्रातून सांगितले की, बाळूला बाहेर ठेवणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल. एका गोऱ्या कप्तानाने जाहीरपणे एका अस्पृश्य गोलंदाजाची शिफारस केली. त्याचा उपयोग झाला, हे मान्य केले पाहिजे. पण त्याच ग्रेगच्या क्लबात बाळू नोकरच राहिले, हेही विसरून चालणार नाही. त्या कौतुकाने ग्रेगचे काही गेले नाही.

बाळू संघात आले. चेंडू त्यांच्या हातून सर्वांच्या हाती जायचा, तेव्हा कोणाला विटाळ होत नव्हता. चहाची वेळ झाली की मात्र बाकीचे आत बसायचे आणि बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. जेवण वेगळ्या पंगतीला, वेगळ्या ताटात. ते ताट धुवायलाही अस्पृश्य माणूस. म्हणजे बळी घेताना बाळू हिंदू आणि भाकरी खाताना अस्पृश्य. मनुस्मृतीला क्रिकेट माहीत नव्हते, पण मनुस्मृती मानणाऱ्यांनी क्रिकेटसाठीही बरोबर नियम शोधून काढला!

साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याविरुद्धचा सामना प्रसिद्ध आहे. बाळूंची फिरकी बोथट व्हावी म्हणून तिथल्या खेळपट्टीवर कित्येक दिवस रोलर फिरवला गेला. तरीही बाळूंनी सात बळी घेतले आणि पुण्याच्या हिंदूंनी सामना जिंकला. नंतर झालेल्या सत्कारात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी हिंदू खेळाडूंना जाहीरपणे सुनावले. बाळूबरोबर खेळता तर त्याच्याबरोबर चहा-फराळ करायला काय हरकत आहे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. रानडे सुधारक म्हणून परिचित आहेत आणि त्यांच्या सुधारणेच्या मर्यादाही आपल्याला ठाऊक आहेत. परंतु हे बोलणे ग्रेगच्या बोलण्याहून वेगळे होते. ग्रेग म्हणाला, हा माणूस कामाचा आहे, घ्या. रानडे म्हणाले, हा माणूस आहे, तसे वागवा.

पुण्यात प्लेग आला आणि बाळू मुंबईला आले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात पुन्हा तोच वाद. काही गुजराती सभासदांचा विरोध होता, पण कर्णधार कीर्तिकर यांनी आग्रह धरला आणि बाळू खेळू लागले. मुंबईत चहाची आणि जेवणाची शिवाशीव सैल झाली. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंचा सामना युरोपियनांशी झाला. हिंदूंच्या धावा २४२ आणि १६०. युरोपियनांच्या १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळूंनी दोन्ही डावांत मिळून आठ बळी घेतले. धाकटे भाऊ शिवराम हेही या संघात होते. देशभर जल्लोष झाला. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या सुधारकी पत्राने तर पुण्याच्या बाहेरच्या चहापासून मुंबईच्या एकत्र जेवणापर्यंतचा हा प्रवास पाहून जातिभेद निवारणाचा धडाच त्यात वाचला. पुढच्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना पुन्हा हरवले.

१९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. कर्णधार वयाने विशीच्या आतबाहेर. कर्णधारपद मिळाले ते राजा म्हणून. महाराज मोजके सामने खेळले आणि बाकीचा काळ मेजवान्यांत व दरबारी भेटीगाठींत गेला. संघाचा उत्तम फलंदाज केकी मिस्त्री महाराजांच्या सेवेत असल्याने तोही बहुतेक काळ उपलब्ध नव्हता. आणि चेंडू टाकायला कोण? बाळू. वय पस्तीस. साऱ्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. त्यांपैकी ७५ प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांत. संघ हरत होता आणि हा एक माणूस आठवडेच्या आठवडे धावा रोखून धरत होता. सॉमरसेटविरुद्ध शिवराम यांनी नाबाद शतक काढले आणि संघाने एका गड्याने सामना जिंकला. म्हणजे राजाच्या संघाची अब्रू दोन चांभार भावांनी राखली.

परतल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्यांना दिलेल्या मानपत्राचा मसुदा एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या एका तरुणाने तयार केला होता, असे अभ्यासक सांगतात. तो तरुण म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. वीस वर्षांच्या बाबासाहेबांच्या दृष्टीने बाळू हे समाजाने अभिमानाने दाखवावे असे पहिले नाव होते. आजवर बाळूंविषयी साहेब बोलले होते, न्यायमूर्ती बोलले होते. आता त्यांचा समाज त्यांच्याविषयी बोलला.

यापुढचा भाग आपण नीट समजून घेतला पाहिजे. हिंदू संघात बाळू सर्वांत ज्येष्ठ, सर्वांत अनुभवी आणि सर्वांत यशस्वी. तरीही दरवर्षी कर्णधार दुसराच. बाळूंना कर्णधार करा, अशी मागणी होत राहिली आणि निवड समिती ती टाळत राहिली. बाळू कर्णधारपदाला लायक नाहीत असे समिती उघड म्हणत नव्हती. ती काहीच म्हणत नव्हती. कारण बोलायचे तर कारण द्यावे लागते आणि कारण एकच होते. क्षेत्ररक्षण लावणे, कोणी कोठे उभे राहायचे ते सांगणे, गोलंदाजी कोणाला द्यायची ते ठरवणे, हे कर्णधाराचे काम. म्हणजे अस्पृश्याने ब्राह्मणाला हुकूम द्यायचा आणि ब्राह्मणाने तो पाळायचा. शेजारी बसून चहा पिण्यापर्यंत सुधारणा आली होती. हुकूम ऐकण्यापर्यंत आली नव्हती.

१९१३ च्या सुमारास एम. डी. पै हे हिंदूंचे कर्णधार होते. जातीने गौड सारस्वत ब्राह्मण. त्यांचा सत्कार झाला तेव्हा उत्तरादाखल बोलताना त्यांनी सांगितले की, हा मान खरा तर आपले मित्र बाळू यांचा आहे, कारण तेच संघातील ज्येष्ठ आणि अनुभवी खेळाडू आहेत. स्वतःच्या सत्कारात, स्वतःच्या लोकांसमोर, स्वतःची खुर्ची दुसऱ्याची आहे असे म्हणायला धाडस लागते. म्हणून पै यांचे हे बोलणे आम्ही ग्रेगच्या शिफारशीपेक्षा आणि रानड्यांच्या उपदेशापेक्षाही वर ठेवतो. परंतु समितीवर त्याचा परिणाम झाला नाही आणि पै खुर्ची सोडून उठले नाहीत, हेही इतिहासात नोंदले गेले आहे.

डिसेंबर १९२० मध्ये चौरंगी सामने होते. पै आजारी पडले. आता कर्णधार कोण? बाळूंना तर संघातूनच वगळले होते. त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल हे त्या वेळी हिंदूंचे आघाडीचे फलंदाज होते. त्यांना डावलून पुण्याचे प्राध्यापक दि. ब. देवधर यांना कर्णधार केले गेले. देवधर उत्तम खेळाडू होते, याबद्दल वाद नाही. पण अनुभवात आणि कामगिरीत विठ्ठल पुढे होते. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघांनी संघातून नाव मागे घेतले आणि जाहीर निवेदन दिले. मैदानावरची कामगिरी आणि ज्येष्ठता बाजूला सारून सामाजिक स्थानाला महत्त्व दिले गेले, हा आमचा अपमान आहे, असा त्याचा आशय होता.

त्या वर्षाकडे नीट पाहा. जानेवारी १९२० मध्ये बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केले. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. वर्षाअखेरीस बाबासाहेब लंडनमध्ये शिकत होते आणि इकडे क्रिकेटच्या मैदानावर दोन खेळाडू मुकेपणा सोडून बोलत होते. आजवर त्यांच्याविषयी इतर बोलत होते. स्तुती असो, दया असो की मौन असो, सूत्रे बोलणाऱ्याच्या हाती होती. आता त्यांनी ती स्वतःकडे घेतली. परिणाम लगेच दिसला. अंतिम सामन्यासाठी पै परत आले, भाऊ परत आले आणि चव्वेचाळीस वर्षांच्या बाळूंना संघात घेऊन उपकर्णधार केले गेले. त्या सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. वीस-पंचवीस वर्षे हिंदूंसाठी चेंडू टाकणाऱ्या माणसाला नेतृत्व मिळाले ते एवढेच.

पण लढा वाया गेला नाही. १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदूंचे कर्णधार झाले आणि त्याच वर्षी हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. विजयानंतर सवर्ण तरुणांनी त्यांना खांद्यावर घेतले. १९२५ आणि १९२६ सालीही विजेते हिंदूच होते. जी समिती इतकी वर्षे गप्प होती, तिला विठ्ठल यांनी मैदानावर उत्तर दिले. बाळूंची प्रथम श्रेणीतील कारकीर्द तोवर संपली होती. ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. आकडे पाहणाऱ्याला समजेल की सरासरी पंधरा धावांना एक बळी म्हणजे काय.

याच विषयाचा एक धागा अमेरिकेत सापडतो, म्हणून तोही सांगतो. तिथे कॉलेजांच्या बास्केटबॉलला प्रचंड महत्त्व. प्रशिक्षक सामन्यानंतर पत्रकारांसमोर बसतो आणि आपल्या मुलांविषयी बोलतो. त्याच्या एका वाक्यावर मुलाचे भवितव्य ठरू शकते. काळ्या मुलांविषयी तेव्हा गोऱ्यांचा समज असा होता की, ती उड्या चांगल्या मारतात, पण शिस्त, डावपेच, संयमाने बचाव करणे त्यांना जमत नाही. १९ मार्च १९६६ रोजी टेक्सस वेस्टर्न या कॉलेजचे प्रशिक्षक डॉन हॅस्किन्स यांनी राष्ट्रीय अंतिम सामन्यात पाचही काळे खेळाडू सुरुवातीपासून उतरवले. समोर अॅडॉल्फ रप यांचा केंटकीचा संपूर्ण गोरा संघ. हॅस्किन्स बचावावर भर देणारे प्रशिक्षक. त्यांच्या संघाने शिस्तबद्ध बचाव करून ७२-६५ असा सामना जिंकला. पुढे हॅस्किन्स हेच सांगत राहिले की, आपण क्रांती वगैरे केली नाही, जे उत्तम होते त्यांना खेळवले. जे काळ्या मुलांना जमणार नाही असे म्हटले जात होते, नेमके त्याच्याच जोरावर ती मुले जिंकली.

आपल्याकडेही हीच भाषा आहे. सवर्ण घरातील मुलगा खेळला की तो अभ्यासू, तंत्रशुद्ध. दलित, आदिवासी, कोळी घरातील मुलगा खेळला की त्याच्या अंगात उपजतच आहे, रक्तात आहे. ऐकायला हे कौतुक वाटते, पण त्यात मुलाची मेहनत आणि बुद्धी दोन्ही नाकारलेली असतात. जे उपजत आहे त्याला शिकवायला कशाला पाहिजे? आणि ज्याला डोके नाही त्याला कर्णधार कशाला करायचे? २००१ च्या ‘लगान’ चित्रपटातील कचरा आठवा. अस्पृश्य फिरकी गोलंदाज. अनेकांना त्यात बाळूंची सावली दिसली. नायक भुवन त्याच्यासाठी गावासमोर उभा राहून बोलतो, ते चांगलेच आहे. पण कचऱ्याचा चेंडू वळतो कशामुळे? त्याचा हात अधू आहे म्हणून! पालवणकर बाळूंचा हात अधू नव्हता. तो वर्षानुवर्षांच्या सरावाने तयार झालेला हात होता. चित्रपटाने अस्पृश्याला संघात घेतले, पण त्याची विद्या मात्र अपघात ठरवली.

आता आमच्याच घरातल्या एका अवघड गोष्टीविषयी बोलले पाहिजे. बाळू पुढे राजकारणात आले ते बाबासाहेबांच्या बाजूने नाही. स्वतंत्र मतदारसंघाला त्यांचा विरोध होता. १९३२ च्या पुणे करारावर त्यांचीही सही आहे. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्याला धर्मांतराची घोषणा केली, ती त्यांना मान्य नव्हती. आणि १९३७ च्या मुंबई विधिमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. बाबासाहेब निवडून आले. ज्यांनी बाळूंना आयुष्यभर कर्णधार केले नाही, त्यांच्याच गोटाने बाबासाहेबांना अडवायला बाळूंना पुढे केले. मैदानावर धावा रोखायला बाळू, राजकारणात बाबासाहेबांना रोखायला बाळू! या माणसाचा उपयोग करून घेण्याची सवय या व्यवस्थेला जुनीच होती.

या एका निवडणुकीमुळे आपल्याकडे बाळूंचे नाव घेणे मागे पडले. काही कार्यकर्ते तर बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिलेला माणूस, एवढीच त्यांची ओळख सांगतात. आम्हाला हे पटत नाही. बाळूंची राजकीय भूमिका चुकीची होती असे आमचे स्पष्ट मत आहे. हिंदू समाजात राहून, कामगिरी दाखवून, हळूहळू मान मिळवता येईल, हा त्यांचा विश्वास होता. त्यांच्या स्वतःच्या आयुष्यानेच तो खोटा ठरवला. पण चुकीच्या राजकारणासाठी खेळाडू पुसून टाकायचा का? तसे केले तर निवड समितीत आणि आपल्यात फरक काय उरला? तिने जातीमुळे मौन पाळले, आपण मतभेदामुळे पाळतो. बाबासाहेबांच्या मानपत्राचा सन्मान राखायचा तर आपण बाळूंविषयी पूर्ण सत्य सांगितले पाहिजे. त्यांनी काय मिळवले, त्यांना काय नाकारले आणि ते कोठे चुकले, हे तिन्ही.

बाळू पालवणकर जुलै १९५५ मध्ये मुंबईत वारले. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये नागपूरला धम्मक्रांती झाली. ती पाहायला ते नव्हते.

नवापूरच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी आपली मुले चेंडूफळी खेळतात. बोईसरच्या चाळींत, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत राबणाऱ्या कामगारांची मुले सुट्टीच्या दिवशी मैदान शोधत फिरतात. यांतली काही शाळेच्या, कॉलेजच्या संघात जातील. तिथे त्यांना कोणी तरी शिक्षक, प्रशिक्षक, कर्णधार भेटेल. त्यांना आमचे सांगणे आहे की, मुलाची चूक त्याला बाजूला घेऊन सांगा. चारचौघांत त्याचा पाणउतारा करू नका. चारचौघांत त्याचे चांगले काम नेमकेपणाने सांगा, अंगभूत ताकद म्हणून मोकळे होऊ नका. झेल किती घेतले, चेंडू कुठे टाकला, कोणाला कसे अडवले, ते सांगा. आणि लायक असेल तर त्याला कर्णधार करा. नाही तर तुमच्या कौतुकाला ग्रेगच्या आठ आण्यांइतकीच किंमत.

आणि पालकांना, कार्यकर्त्यांना सांगणे वेगळे आहे. १४ एप्रिलच्या निमित्ताने गावोगाव सामने भरतात. सर्वोत्तम फलंदाजाला चषक असतो. यंदापासून सर्वोत्तम गोलंदाजाला बाळू पालवणकर यांच्या नावाने चषक द्या. देताना दोन मिनिटे त्यांची माहिती सांगा. तीन रुपये पगार, मातीच्या भांड्यातला चहा, ११४ बळी, आणि विठ्ठल-शिवराम यांचे १९२० चे निवेदन. यातले निवेदन विसरू नका. कारण बाळूंच्या गोलंदाजीने जे दार उघडले नाही, ते भावांच्या बोलण्याने उघडले. मुलांना गोलंदाजी शिकवालच, पण अन्याय झाला तर जाहीरपणे बोलायलाही शिकवा.